मिरजेचा तंबोरा : एका कारखानदारीच्या उदयास्ताची चिकित्सा

मिरजेच्या तंतुवाद्यांचा इतिहास बहुधा एकाच रीतीने सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शिकलगारांचा हत्यारे घासण्याचा धंदा बसला. फरीदसाहेब व त्यांचे बंधू तंबोऱ्याच्या दुरुस्तीकडे वळले. पटवर्धन संस्थानाचा आश्रय लाभला, आणि वाद्ये घडू लागली. हा तपशील खोटा नव्हे, अपुरा आहे. राजाश्रय इतरही गावांस होता. तेथे वाद्यकारांची घराणी उभी राहिली नाहीत.

मिरजेस भीमाकाठचा, पंढरपूर-मंगळवेढे भागातील जाड सालीचा भोपळा जवळ होता, हे एक कारण. परंतु तंबोऱ्याचे मर्म भोपळ्यात नसून जवारीत आहे. घोडीचा माथा कानशीने इतक्या मंद उताराचा करावयाचा की, कंप पावणारी तार त्यास ओझरती स्पर्शत राहावी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवीत नाद ‘खुला’ करावयाचा. पृष्ठभागाची पारख बोटांनी करण्याची शिकलगाराची सवय येथे कामी आली असावी, असे अनुमान करावयास हरकत नाही. आणि या कामाचा परीक्षक गावातच होता. उत्तरायुष्यात मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) स्वतः वाद्ये दुरुस्त करीत. कारागिराला असे गिऱ्हाईक भेटणे हे आश्रयाहून मोलाचे.

ऱ्हासाचे खापर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर फोडले जाते. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी तो १९७९ मध्ये सिद्ध केला. त्याने विक्री घटविली, हे उघड आहे. पण गायकाची तंबोरा जुळविण्याची रोजची सवयच त्याने सोडविली, ही हानी अधिक खोल होय. जर्मनीतील वाल्कर घराण्याचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. १८२० पासून लुडविग्सबुर्ग येथे चर्चसाठी अवाढव्य ऑर्गन बांधणाऱ्या या घराण्याला १९२० नंतर पालटलेल्या अभिरुचीस तोंड द्यावे लागले. जुन्या, बारोक धाटणीच्या नादाची ओढ वाढली आणि वाद्यवृंदासारखे घुमणारे ऑर्गन टीकेचे धनी झाले. गंमत अशी की, त्या नव्या रुचीचा आरंभीचा नमुना, फ्रायबुर्गचा १९२१ चा ऑर्गन, वाल्करांनीच बांधला होता. पुढे १९९९ मध्ये हा कारखाना दिवाळखोरीत निघाला. तेथे कान बदलला, तरी तो चोखंदळ राहिला. मिरजेच्या गिऱ्हाइकाचा कान मात्र कामावाचून राहू लागला.

मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे नावाची नक्कल अडविता येईल. जवारी बिघडली आहे, हे ओळखून वाद्य मिरजेस परत आणणारा गायक मात्र मानांकनाने मिळत नाही.