विद्यार्थ्याची चित्रपट-प्रतिक्रिया : स्मृती, आस्वाद आणि समीक्षा
(बुलडाणा जिल्ह्यातील प्रेक्षक-विद्यार्थ्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठी विषयाच्या पदवी अभ्यासक्रमात गेल्या काही वर्षांत चित्रपट व दूरचित्रवाणी या माध्यमांना स्थान मिळाले आहे. ‘माध्यमांसाठी लेखन’, ‘चित्रपट आस्वाद’ अशा शीर्षकांखाली विद्यार्थ्याकडून एखाद्या चित्रपटाचे किंवा मालिकेचे रसग्रहण लिहून घेतले जाते. हे लेखन तपासताना प्राध्यापकांसमोर एक जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. विद्यार्थी कलाकृतीविषयी लिहिण्याऐवजी स्वतःविषयी लिहू लागतो. त्याला बाप आठवतो, गाव आठवते, वावर आठवते. या लेखनाला समीक्षा म्हणावे काय, आणि म्हणू नये तर मग त्याचे करावे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. लेखात विद्यार्थ्यांची विधाने उद्धृत केलेली नाहीत वा कोणत्याही सर्वेक्षणाचा आधार घेतलेला नाही. विवेचन चित्रपटांचे व मालिकांचे आहे आणि ते जिथे पाहिले जातात त्या परिसराचे आहे.

वैयक्तिक प्रतिक्रियेविषयीचा संशय

विद्यार्थ्यांच्या प्रतिक्रिया हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, हे आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात दाखवून दिले. केंब्रिज येथील विद्यार्थ्यांना त्यांनी तेरा कविता कवींची नावे न सांगता दिल्या व त्यांचे अभिप्राय लिहून घेतले. त्या अभिप्रायांत त्यांना जे दोष आढळले त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. पहिला ठोकळेबाज प्रतिसाद, म्हणजे मनात आधीच तयार असलेली भावना कलाकृतीचे निमित्त मिळताच बाहेर पडणे. दुसरा स्मृतिजन्य अप्रस्तुतता, म्हणजे वाचकाच्या खाजगी आयुष्यातील आठवण मध्ये येऊन कलाकृती बाजूला सारली जाणे.

भारतीय काव्यशास्त्राने हा दुसरा दोष फार पूर्वी ओळखला होता. अभिनवगुप्तांनी सांगितलेल्या सात रसविघ्नांमध्ये ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक विघ्न आहे. स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकाला रसप्रतीती होत नाही, असा त्याचा आशय. साधारणीकरणाची सारी उपपत्तीच प्रेक्षकाने ‘माझे’ हे बंधन सैल करावे या अपेक्षेवर उभी आहे. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यभावनेला लौकिक भावनांपासून वेगळे काढले आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर भर दिला. तेव्हा पूर्वेकडून पाहा किंवा पश्चिमेकडून, ‘चित्रपट पाहताना बाबा आठवले’ यासारख्या वाक्याला समीक्षेच्या दारात प्रवेश नाही. उत्तरपत्रिका तपासणारा प्राध्यापक अशा वाक्याखाली लाल रेघ ओढतो, तेव्हा त्याच्या मागे एवढी मोठी परंपरा उभी असते. (त्याला स्वतःला तिची आठवण असतेच असे नाही.)

ही रेघ प्रत्येक वेळी योग्य असते काय? या प्रश्नाची खरी कसोटी सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या २००९ च्या चित्रपटावर लागते.

‘गाभ्रीचा पाऊस’ आणि कास्तकाराचा मुलगा

चित्रपटाचे कथानक विदर्भातील. गावातील एका शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे. किसना हा कापूस पिकवणारा कास्तकार. आपला नवराही त्याच वाटेने जाईल या धास्तीने त्याची पत्नी अलका घाबरून जाते आणि लहानग्या दिनूला बापाच्या मागावर राहण्यास सांगते. किसनाला खुश ठेवण्यासाठी ती गोडधोड करते, पुरणपोळी करते. किसनाच्या मनात मात्र पावसाचा विचार आहे, मरणाचा नाही. घरातल्या माणसांच्या वागण्याने तो गोंधळतो. सोनाली कुलकर्णी, गिरीश कुलकर्णी आणि ज्योती सुभाष यांच्या अभिनयाने हे घर उभे राहिले आहे.

ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी २००६ च्या जुलैत ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व वर्धा यांच्यासह बुलडाणा होता. या जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण त्या काळी दिनूच्याच वयाचे किंवा त्याहून लहान होते. आजचे विद्यार्थी त्यांच्यानंतरचे आहेत, परंतु मिरगाकडे डोळे लावणे, दुबार पेरणी, बियाण्यासाठी पुन्हा पैसा उभा करणे यांतून त्यांचीही घरे सुटलेली नाहीत. असा विद्यार्थी हा चित्रपट पाहतो तेव्हा त्याच्या स्मृतीला अप्रस्तुत ठरविण्यापूर्वी ती नेमके काय काम करते हे तपासणे आवश्यक ठरते.

पुरणपोळीचेच उदाहरण घेता येईल. शहरी प्रेक्षकाला त्या प्रसंगात प्रेमळ पत्नी दिसते आणि थोडा विनोद दिसतो. कास्तकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला आधी ताट खटकते. सण नाही, पोळा नाही, पाहुणा नाही, हाती पैसा नाही, मग पुरण कशासाठी? ही शंका त्याच्या आठवणीतून येते, परंतु ती त्याला चित्रपटापासून दूर नेत नाही. ती त्याला दृश्याच्या अर्थापाशी पोहोचवते, कारण दिग्दर्शकाने तो पदार्थ तेथे विसंगती म्हणूनच ठेवला आहे. अलकाची भीती उच्चारली जाण्यापूर्वी ताटात वाढली जाते. हे ओळखणे म्हणजे रचना ओळखणे होय. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विरोधलय आहे आणि ती ऐकू येण्यासाठी सणाचा व आडदिवसाचा फरक अंगात भिनलेला असावा लागतो.

दिनूच्या पाळतीविषयीही असेच म्हणता येते. बापाच्या मागे मागे फिरणारे पोर हा चित्रपटातील विनोदाचा प्रमुख स्रोत आहे, आणि त्याच्या करुणेचाही. या दोहोंचा तोल प्रेक्षकाच्या घरावर अवलंबून असतो. ज्याने लहानपणी मोठ्यांची कुजबुज ऐकली, फवारणीचे औषध कोठे ठेवले आहे याकडे ज्याच्या आईने लक्ष ठेवले, तो विद्यार्थी या विनोदावर हसतो आणि मध्येच थांबतो. त्या थांबण्याविषयी त्याने लिहिले तर ते निजसुखादिविवशीभाव या सदरात टाकता येणार नाही. अभिनवगुप्तांचा प्रेक्षक स्वतःच्या दुःखामुळे नाट्य पाहू शकत नाही. हा विद्यार्थी स्वतःच्या दुःखामुळे चित्रपट अधिक बारकाईने पाहतो.

अर्थात याची दुसरी बाजू आहे आणि ती नजरेआड करता येत नाही. स्मृती जागी झाल्यावर पुष्कळ विद्यार्थी चित्रपटाकडे परत येतच नाहीत. दोन पाने घरची हकिगत, शेवटी शासनाने हमीभाव द्यावा अशी मागणी, आणि किसना कोठे गेला याचा पत्ता नाही. अशा लेखनाला आत्मकथनाचे मूल्य असू शकेल, समीक्षेचे नाही. रिचर्ड्स यांचा आक्षेप येथे पूर्णपणे लागू पडतो. भेद असा की स्मृतीने प्रेक्षकाला चित्रपटातील एखाद्या वस्तूपाशी, हालचालीपाशी, आवाजापाशी परत आणले की नाही, हे पाहावे लागते. ‘मी’ हा शब्द आला म्हणून गुण कापणे ही तपासणीतील सोय आहे, निकष नव्हे.

बोलीचा प्रश्न

‘गाभ्रीचा’ हा शब्द या परिसरातील विद्यार्थ्याला कोशात पाहावा लागत नाही. रुसलेल्या पावसाला, आडव्या लागलेल्या बैलाला किंवा न ऐकणाऱ्या पोराला घातलेली ही शिवी त्याने घरी ऐकलेली असते. तीत राग आहे आणि आपलेपणाही आहे, कारण परक्याला कोणी असे म्हणत नाही. इंग्रजी शीर्षकात पाऊस शापित झाला आणि आपलेपणा गळाला. म्हणजे चित्रपटाच्या नावाचा अर्थ सांगण्याच्या बाबतीत बुलडाण्याचा विद्यार्थी हा पुण्या-मुंबईच्या समीक्षकापेक्षा अधिकारी वाचक ठरतो. दुर्दैवाने रसग्रहण लिहिताना तो हा अधिकार सोडून देतो आणि प्रमाण मराठीतील ‘हृदयस्पर्शी’, ‘वास्तवदर्शी’, ‘विचार करायला लावणारा’ अशा विशेषणांचा आश्रय घेतो.

त्याला दोष देताना दूरचित्रवाणीने वऱ्हाडीला कोणती जागा दिली हेही पाहिले पाहिजे. ‘चला हवा येऊ द्या’ या २०१४ साली सुरू झालेल्या कार्यक्रमात भारत गणेशपुरे यांनी वऱ्हाडी बोलीला राज्यभर ओळख मिळवून दिली, आणि त्यांच्या विनोदाची जात अस्सल आहे यात शंका नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतील राधिका नागपूरची. तिच्या बोलण्याच्या लकबीवर आरंभी तिचे अडाणीपण आणि साधेपण दोन्ही उभे केले गेले. बोली पडद्यावर आली याचा आनंद आणि ती आली की प्रेक्षकाने हसायचे असते हा संकेत, या दोन्ही गोष्टी विद्यार्थी एकाच वेळी शिकतो. किसनाच्या घरात हीच बोली हसण्यासाठी नाही, ती बोलण्यासाठी आहे. हा फरक ज्या विद्यार्थ्याला जाणवतो त्याच्यापाशी भाषासमीक्षेचे बीज आहे.

‘पीपली लाइव्ह’ (२०१०) या अनुषा रिझवी यांच्या चित्रपटाविषयी येथे एवढेच नोंदवावेसे वाटते की, त्याच्या उपहासाचा रोख माध्यमांवर व शासनावर असूनही विदर्भातील काही कार्यकर्त्यांनी त्यावर आक्षेप घेतला होता. तो आक्षेप समीक्षा म्हणून टिकत नाही. मात्र कोणाच्या मरणावर कोण हसतो आहे, हा त्यामागील प्रश्न खोटा नव्हता.

अभिमान आणि आस्वाद

स्मृती वैयक्तिक असते तशी सामूहिकही असते. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजा येथे राज्यभरातून लोक येतात. या तालुक्यातील विद्यार्थ्याने ‘राजा शिवछत्रपती’ (२००८) किंवा ‘स्वराज्यजननी जिजामाता’ (२०१९) या मालिकांवर लिहिलेले वाचताना निराशा होण्याची शक्यता अधिक असते. आदर इतका मोठा असतो की मालिका दिसतच नाही. पार्श्वसंगीताचा भडिमार, एकच मुद्रा तीन कोनांतून दाखविणे, प्रसंग पुढच्या आठवड्यापर्यंत ताणणे यांपैकी कशाचाही उल्लेख न करता ‘आमची जिजाऊ’ या भावनेवर निबंध पूर्ण होतो. रिचर्ड्स यांच्या ठोकळेबाज प्रतिसादाचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आणि तरीही या विद्यार्थ्याजवळ असे काही आहे जे इतरांजवळ नाही. लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या प्रवेशद्वारावरून तो रोज महाविद्यालयात जातो. दगडाचा रंग, पायऱ्यांची झीज, रंगमहालातला अंधार त्याच्या ओळखीचा आहे. मालिकेतील स्टुडिओत उभारलेला, सर्वत्र सारखा उजळलेला वाडा पाहून त्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत असणार. ते चुकल्यासारखे वाटणे त्याने लिहावे, यासाठी त्याला अभिमान सोडावा लागत नाही. ज्या दगडाचा अभिमान आहे त्याकडे बोट दाखवावे लागते, इतकेच.

अडचणीची प्रतिक्रिया

वैयक्तिक प्रतिक्रियेचा पुरस्कार करणाऱ्यांनी नागराज मंजुळे यांचे चित्रपट वर्गात दाखवून पाहावेत. ‘फँड्री’ (प्रदर्शन २०१४) मध्ये डुक्कर पकडण्याच्या ऐन क्षणी शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, तेव्हा वर्गात हशा पिकतो. कोण हसतो आणि कोण मान खाली घालतो, हे प्राध्यापकाला दिसते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. त्या आधी मेलेले डुक्कर वाहून नेले जाते ते भिंतीवरील आंबेडकर, फुले, गाडगेबाबा यांच्या चित्रांपुढून. ज्या विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे त्याच्याशी संलग्न महाविद्यालयात ते दृश्य पाहिले जाते, ही नोंद अनावश्यक नसावी.

‘सैराट’ (२०१६) ची अडचण अधिक मोठी. त्याच्या गाण्यांवर नाचलेला तोच प्रेक्षक शेवटच्या निःशब्द दृश्यात लहान मुलाच्या रक्ताळलेल्या पावलांपाशी गप्प होतो. समजा एखाद्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिले की त्याला आर्चीच्या भावाची बाजू पटली. हे लेखन वैयक्तिक आहे, प्रामाणिक आहे, त्यात ठोकळेबाज बोधवाक्य नाही. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ च्या ‘लिटरेचर ॲज एक्स्प्लोरेशन’मध्ये वाचकाच्या अनुभवाला अर्थनिर्मितीत जे स्थान दिले, ते या विद्यार्थ्यालाही द्यावे लागेल. पण रोझेनब्लॅट यांनी प्रत्येक प्रतिसाद सारखाच ग्राह्य मानलेला नाही. संहिता ज्याला आधार देत नाही असा प्रतिसाद त्यांनी अपुरा मानला. तेव्हा या विद्यार्थ्याला विचारायचा प्रश्न चित्रपटातूनच काढावा लागतो. भाऊ भेटवस्तू घेऊन दारात येतो तेव्हा कॅमेरा कोणाच्या चेहऱ्यावर थांबतो? हत्या का दाखविली नाही? आवाज कोठे थांबला? या प्रश्नांची उत्तरे देताना विद्यार्थ्याचे मत बदलेलच असे नाही. मात्र त्याला ते मूल पुन्हा पाहावे लागेल.

उत्तराच्या शेवटी ‘हा चित्रपट जातिभेद विसरण्याचा संदेश देतो’ असे लिहिणाऱ्याला दहापैकी आठ गुण मिळतात आणि वरील विद्यार्थ्याला तीन. पहिल्याने चित्रपट पाहिला होता की मार्गदर्शिका, हे उत्तरपत्रिकेवरून कळत नाही. हेग्गोडूसारख्या कर्नाटकातील लहान गावात के. व्ही. सुब्बण्णा आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील सतीश बहादुर यांनी खेड्यातील सामान्य प्रेक्षकांसमोर जगातील श्रेष्ठ चित्रपट ठेवून त्यांना बोलते केले, तेव्हा तेथे गुणांचा रकाना नव्हता. येथे तो आहे, आणि तो भरताना ‘बाबा आठवले’ या वाक्याच्या पुढचे वाक्य कोणते आहे हे वाचण्यास फार वेळ लागत नाही.