सामायिक माहितीचे आयुष्य

अँड्रॉइडवरील अ‍ॅपच्या रचनेचे विवेचन करताना 'अ‍ॅप्लिकेशन' ही वस्तू सर्व घटकांचे सामायिक कोठार म्हणून पुढे करण्याची प्रथा पडली आहे. अ‍ॅक्टिव्हिटी असो वा सर्व्हिस, प्रत्येकीला 'कॉन्टेक्स्ट'द्वारा या वस्तूपर्यंत पोहोचता येते, एवढे खरे. (कॉन्टेक्स्टला 'संदर्भ' हा प्रतिशब्द काहीसा फसवा आहे; त्याचे काम परवान्याचे आहे.) परंतु या वस्तूचे आयुष्य चालू प्रक्रियेपुरतेच असते, ही गोष्ट अशा विवेचनांतून सहसा निसटते. सर्व्हिस स्वतंत्र प्रक्रियेत चालविली, तर तिच्या वाट्याला येणारे कोठारही निराळेच असते.

कोलाडजवळच्या कुंडलिकाकाठच्या भातशेताचे उदाहरण घ्यावे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी गट क्रमांक, पीक व क्षेत्र नोंदवून शेतातच पिकाचे छायाचित्र घेतो. त्या धर्तीच्या एखाद्या अ‍ॅपने ही माहिती केवळ सामायिक वस्तूत ठेवली आणि छायाचित्रासाठी फोनमधील स्वतंत्र कॅमेरा उघडला, तर मेमरी अपुरी पडताच मागे राहिलेली प्रक्रिया प्रणाली खुशाल संपविते. परतल्यावर पडदा पूर्वीचाच दिसतो, कारण अ‍ॅक्टिव्हिटी प्रणालीने पुन्हा उभी केलेली असते. अ‍ॅप्लिकेशन वस्तू मात्र नवी आणि रिकामी. चाचणीच्या महागड्या फोनवर हा प्रसंग क्वचितच उद्भवतो. बांधावरच्या साध्या फोनवर तो उद्भवतो, आणि मग ते छायाचित्र कोणत्या सातबाऱ्याला जोडावयाचे?

माहिती हाती येताच ती डेटाबेसमध्ये लिहावी व घटकांनी परस्परांस केवळ नोंदीचा क्रमांक द्यावा, हा मार्ग अधिक कष्टाचा खरा. पण प्रक्रिया संपली तरी त्यात गट क्रमांक हरवत नाही.