पाणी उकळा म्हणणाऱ्यांचे शास्त्र

मागासलेल्या देशांतील माणूस मागे का राहिला, याचे एक सोपे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन विद्यापीठांतून जगभर गेले. त्याच्यापर्यंत माहिती पोचत नाही, पोचली तर त्याला पटत नाही, म्हणून तो मागे आहे. डॅनियल लर्नर (१९५८), एव्हरेट रॉजर्स (१९६२) आणि विल्बर श्रॅम (१९६४) यांच्या ग्रंथांवर विकास-संज्ञापनाचे शास्त्र उभे राहिले. आपल्याकडेही ते शिकविले जाते. मात्र शिकविताना समोर बागायतदाराचा मुलगा, ऊसतोड कामगाराची मुलगी, बौद्धवाड्यातला आणि पाड्यावरचा विद्यार्थी एकाच बाकावर असले, की या ग्रंथांना न पडलेले प्रश्न उभे राहतात. त्या प्रश्नांच्या उजेडात रॉजर्सचा ‘डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स’ तपासणे अगत्याचे वाटते.

या ग्रंथात पेरू देशातील लॉस मोलिनोस गावाची हकीकत येते. पाणी उकळून प्या, असे सांगत एक आरोग्यसेविका दोन वर्षे तेथे घरोघर फिरली. सुमारे दोनशे कुटुंबांपैकी फक्त अकरा कुटुंबांनी तिचे नव्याने ऐकले. रॉजर्सचे निदान असे की, उकळलेले पाणी आजाऱ्याचे अशी गावाची समजूत होती. शिवाय सेविकेने वजनदार माणसांना सोडून भलत्याच बायकांवर श्रम खर्च केले. तिचे ऐकणाऱ्यांत एक बाई आजारी होती, तर दुसरी डोंगरी भागातून आलेली, गावाने आपली न मानलेली.

ऊसतोड कामगाराच्या मुलीने विचारले, “सर, जळण कोण आणणार?” बौद्धवाड्यातला म्हणाला, “माझ्या आजीला वरच्या आळीतल्या बाईने वरून ओतल्याशिवाय पाणीच मिळत नव्हते. उकळायचे काय?” बागायतदाराच्या मुलाने ग्रंथाची बाजू घेतली. त्याच्या घरी संकरित बियाणे असेच आले. आधी एकाने पेरले, मग भावकीने पाहिले. त्याचे म्हणणे खोटे नाही. ज्याच्याकडे जमीन, विहीर आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्याच्या घरापुरते रॉजर्सचे वर्णन बरोबर आहे. चूक होते ती त्या घराला सगळे गाव समजण्यात. वजनदार माणसाकडून गाव बदलावे, हा सल्ला आपल्याकडे आणला की बदलाची किल्ली पुन्हा पाटलाच्याच वाड्यात जाते.

नवे स्वीकारण्याच्या क्रमाने रॉजर्स माणसांचे पाच गट करतो. पहिले अडीच टक्के नवप्रवर्तक, शेवटचे सोळा टक्के रेंगाळणारे. संख्याशास्त्र घेतलेल्या एका विद्यार्थ्याने दाखविले की हे सोळा टक्के गावातून मोजून आलेले नाहीत. ते घंटेच्या आकाराच्या आलेखातून आलेले आहेत. म्हणजे सगळे गाव सुधारले तरी शेवटचे सोळा टक्के रेंगाळणारेच ठरणार! जन्मावरून तळ ठरविणारी व्यवस्था ज्यांनी भोगली, त्यांना गणितावरून तळ ठरविणारी ही व्यवस्था ओळखू यायला वेळ लागत नाही.

आता हेच शास्त्र महाडला लावून पाहू. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. निरोप निघाला होता, त्याची उपयुक्तता कोणाला पटवून द्यायची नव्हती. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, तोवर ते पाणी अस्पृश्यांना मिळालेले नव्हते. रॉजर्सच्या कोष्टकात ही माणसे रेंगाळणारी ठरतील. पाणी प्याल्यावर त्यांच्यावर लाठ्या पडल्या, तळ्याचे १०८ घागरी पंचगव्याने शुद्धीकरण झाले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. हा विलंब ऐकणाऱ्याच्या कानात नव्हता. तळे अडवून बसलेल्यांच्या हातात होता. हे मोजणारे कोष्टक या शास्त्राजवळ नाही.

रॉजर्सवर अन्याय करण्याचे कारण नाही. १९७६ साली त्याने विकासाची ही प्रबळ चौकट मावळल्याचे लिहिले. पुढे आपल्या विषयात व्यक्तीलाच दोष देण्याची खोड आहे, हेही मान्य केले. परंतु ‘रेंगाळणारे’ हा शब्द पुढच्या आवृत्त्यांतही टिकला. चिलीतील शेतकऱ्यांत काम केलेल्या पाउलो फ्रेअरेने १९६९ साली अधिक मूलगामी आक्षेप घेतला: शेतकऱ्याच्या डोक्यात ज्ञान ओतणे म्हणजे संज्ञापन नव्हे, तो दोघांचा संवाद असला पाहिजे. फ्रेअरे आपल्याला जवळचा वाटतो. तरी त्याच्या पुढे एक पाऊल टाकावे लागेल. संवादासाठी दोघांनी एका जागी बसावे लागते, आणि जातिव्यवस्था नेमके तेच नाकारते. जिथे एका पाणवठ्यावर उभे राहता येत नाही, तिथे संवादाआधी संघर्ष येतो. म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला आणि महाडनंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’. ही पत्रे मुक्यांना कोणाचा निरोप सांगायला निघाली नव्हती. मुक्यांचे म्हणणे मांडायला निघाली होती.

संज्ञापन शिकविणाऱ्या प्राध्यापकांना माझी एवढीच विनंती आहे: लॉस मोलिनोस शिकवा, पण त्याच तासाला महाडही शिकवा. गाव का ऐकत नाही हे विचारण्याआधी, पाणी कोणाच्या ताब्यात आहे हे विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागू द्या. उद्या हीच मुले कुठल्या तरी योजनेचे भित्तिपत्रक घेऊन एखाद्या वस्तीत जाणार आहेत.