ब्लॅक हॉकच्या आत्मकथनातील ‘आम्ही’

सॉक लोकांच्या जीवनाचा अभ्यासक बहुधा १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक हॉकच्या आत्मकथनापासून आरंभ करतो. ते त्याने सॉक भाषेत सांगितले, आंत्वान ल क्लेर या दुभाष्याने इंग्रजीत उतरविले आणि जॉन पॅटरसन याने त्यास ग्रंथरूप दिले. मूळ कथन उपलब्ध नाही. अर्पणपत्रिका तेवढी सॉक शब्दांत छापलेली आहे. साहजिकच, हा आवाज कथनकर्त्याचा की संपादकाचा, असा वाद टीकाकार घालीत आले आहेत. शैलीच्या कसोटीवर तो मिटणारा नाही. तो व्याकरणाच्या अंगाने विचारात घेतला पाहिजे.

सॉक ही अल्गॉन्क्वियन कुळातील भाषा होय. श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि श्रोत्यास सामावून घेणारे ‘आपण’ हा मराठीतील भेद तीतही आहे. पहिल्याचा उपसर्ग ‘ने-’, दुसऱ्याचा ‘के-’. इंग्रजीत मात्र दोहोंस एकच सर्वनाम पुरते.

हा भेद लोपल्याने काय हरवते? १८०४ च्या सेंट लुइस येथील तहान्वये मूठभर माणसांनी मिसिसिपीच्या पूर्वेकडील विस्तीर्ण भूमी वार्षिक १००० डॉलरांच्या मोबदल्यात लिहून दिली. त्यांना समाजाने तो अधिकार दिला नव्हता, हाच ब्लॅक हॉकचा मुख्य आक्षेप. म्हणजे मूळ वाद ‘आम्ही’ म्हणजे कोण, याचाच आहे. स्वजनांच्या सभेत बोलताना त्याच्या ‘आपण’मध्ये स्थलांतरास मान्यता देणारा किओकक अंतर्भूत होता काय? छापील इंग्रजी याविषयी मौन बाळगते.

सॉकेनुक गावाभोवतीची सुमारे ८०० एकर शेती स्त्रिया करीत. पुरुष हिवाळी शिकारीस जात. कसलेली व वसविलेली भूमी विकता येत नाही, हा ब्लॅक हॉकचा युक्तिवाद त्यामुळे स्त्रियांच्या श्रमावर उभा आहे. १८३१ साली जनरल गेन्सपुढे एका वृद्ध नायकाच्या कन्येने, शेते विकण्यास स्त्रियांनी कधीच संमती दिली नव्हती, असे सांगितले. तहाच्या ‘आम्ही’तून वगळलेल्यांचा हा आवाज ग्रंथात टिकून आहे, हे त्याचे मोठे श्रेय होय.

लुप्त सर्वनामे निश्चितपणे पुनःस्थापित करता येतील, असा आमचा दावा नाही. परंतु या ग्रंथाचा मराठी अनुवाद करणाऱ्यास प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ की ‘आपण’ हा निर्णय करावाच लागेल. इंग्रजीने झाकलेला प्रश्न मराठीत उघडा पडतो. म्हणून तसा अनुवाद हे या ग्रंथाचे एक नवे चिकित्सक वाचनच ठरेल.