दोन ग्रंथांचे परीक्षण

यवतमाळला घर बांधलं तेव्हा नव्या ओट्यावर काय मांडायचं यावर घरात रीतसर परिसंवाद झाला. सौ.च्या हाती दत्त चौकातून आणलेली मिक्सरची माहितीपुस्तिका, आईच्या हाती कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा'. वाद पाटा-वरवंटा टाकायचा की ठेवायचा, हा. दोन्ही ग्रंथांचा परीक्षक अर्थातच मी!

पुस्तिकेची भाषा हुकमी. भांडं काठोकाठ भरू नका, ओला हात लावू नका. नायक सर्वगुणसंपन्न, पण वीज गेली की मुका.

'रुचिरा' १९७० सालची. तिची मापं वाटी-चमच्याची. त्यासाठी कुणाला दुकान गाठावं लागत नाही. म्हणून तर परगावी संसार मांडणाऱ्या मुलींनाही ती आईसारखी वाटली. दोष एकच. आमच्या वऱ्हाडी जिभेला तिचं तिखट अंमळ सभ्य वाटतं.

शेवटी मिक्सर ओट्यावर आला, पाटा ओट्याखाली गेला. आई काही बोलली नाही.

परवा मे महिन्याच्या भर दुपारी पाहुणे दारात आणि वीज गायब! सौ.नं मुकाट्यानं पाटा ओढला. आई शेजारी बसून, पुस्तक न उघडता, मापं सांगू लागली. "आणखी दोन मिरच्या घाल गं!"

परीक्षकाला दोघींनी वारा घालायला बसवलं.