गाठींचा कोश आणि वर्गातील सुतळी

पुठ्ठ्याचा तराजू किंवा कामट्यांचा आकाशकंदील कसा करावा, हे सांगणाऱ्या पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटते: ‘दोरीने घट्ट बांधा.’ कोणती गाठ मारावी आणि तीच का, हे बहुधा सांगितलेले नसते. ही उणीव मनात ठेवून आम्ही क्लिफर्ड अ‍ॅश्ली यांचा ‘द अ‍ॅश्ली बुक ऑफ नॉट्स’ हा १९४४ सालचा ग्रंथ चाळला.

अ‍ॅश्ली हे अमेरिकन चित्रकार. देवमाशांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या न्यू बेडफर्ड बंदरात ते जन्मले. अकरा वर्षे खपून त्यांनी ३,८०० हून अधिक नोंदी सचित्र दिल्या. खलाशी, खाटीक, विणकर अशा व्यवसायांच्या गाठी त्यांत वेगळ्या मांडल्या आहेत. गाठ कामातून जन्मते हे त्यामुळे मनावर ठसते. ग्रंथाचे मोठे बळ हेच.

परिचित रीफ नॉट घ्या. उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवेच वर घेतले, तर होते ग्रॅनी नॉट. दिसायला जवळजवळ तशीच, पण लवकर घसरणारी. रीफ नॉट सपाट बसते, म्हणून बँडेजला किंवा पुडक्याला उत्तम. मात्र दोन दोर जोडायला ती वापरल्याने अनेकांचे जीव गेले आहेत, असे अ‍ॅश्ली बजावतात. झाडाला झोका बांधणाऱ्या मुलांना हे ठाऊक हवेच. झोक्याला अखंड दोरच घ्यावा.

अ‍ॅश्लींनी नुसते मत दिलेले नाही. गुळगुळीत मोहेर धाग्यात गाठी मारून, सारखे हिसके देऊन, किती हिसक्यांनी गाठ सुटते हे त्यांनी मोजले. तरी ती का सुटते, या प्रश्नाशी ग्रंथ थांबतो. उत्तराचा एक भाग २०२० मध्ये एमआयटीतील संशोधकांनी दिला. रीफ नॉट आवळताना दोरीच्या शेजारच्या भागांना परस्परविरुद्ध पीळ बसतो व ते एकमेकांना अडवतात. ग्रॅनीत पीळ एकाच दिशेचा असल्याने ते घरंगळतात.

क्रमांकांच्या या जंगलात नवशिका हरवेल. वर्गाला चार गाठी पुरतात. म्हणून हा ग्रंथ शिक्षकाने संदर्भासाठी जवळ ठेवावा, आणि त्यातील हिसक्यांची चाचणी तेवढी वर्गात आणावी. नायलॉनच्या दोरीत दोन्ही गाठी मारून हिसके मोजावेत. खरखरीत सुतळी घेतल्यावर आकडे बदलतात का, हे मुलांनाच शोधू द्यावे.