सुरकुत्या, पेप्टाइडे आणि पुरावा

सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींत हल्ली ‘पेप्टाइड’ हा शब्द हमखास आढळतो. त्यामागे विज्ञान मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या पूर्वरूपातील पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दिला, तर त्या अधिक कोलॅजेन बनवतात, असे १९९३ मध्ये आढळले.

पण काचेच्या बशीतील पेशी म्हणजे चेहरा नव्हे. चेहऱ्यावर मृत पेशींचा मेदयुक्त थर आडवा येतो. तो ओलांडता यावा म्हणून या तुकड्याला पामिटिक आम्ल जोडतात. अशा पेप्टाइडाची ९३ स्त्रियांवरील चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या एका बाजूला पेप्टाइडयुक्त क्रीम, दुसऱ्या बाजूला पेप्टाइडाविना. मुदत १२ आठवडे. पेप्टाइडाचे प्रमाण दहा लाख भागांत ३, म्हणजे ५० ग्रॅमच्या डबीत ०.१५ मिलिग्रॅम! त्या बाजूच्या सुरकुत्या दुसऱ्या बाजूपेक्षा थोड्या अधिक कमी झाल्या. चाचणीची रचना चांगली होती. मात्र संशोधक प्रसाधने बनवणाऱ्या कंपनीचेच होते.

जाहिरात नेमकी ही तुलनाच गाळते. साध्या क्रीमनेही त्वचेत ओलावा टिकतो आणि ती तुकतुकीत दिसते. ते श्रेयही मग पेप्टाइडाच्या खात्यावर जमा होते. त्वचा अकाली सुरकुतवणाऱ्या अतिनील किरणांपासून बचाव करण्याची गोष्ट मागेच राहते.

अशी एखादी जाहिरात वर्गात जरूर न्यावी आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवावे: ‘फरक पडला, पण कशाच्या तुलनेत?’